चार बोटांचा हिशेब

आधी एक कबुली. टायर आणि त्याच्यावरची फेंडरची कमान यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते ना, ती बघून मला झोप लागत नाही. हसा, हसा! पण तुमच्याही ऑफिसात असा एक तरी प्राणी असणार. लंच टाइमला पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्याच गाडीकडे बाजूने, मान तिरकी करून बघत उभा राहणारा. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात तो मी.

आम्हा गाडीवेड्यांत ही जागा बोटांनी मोजतात. तळहात आडवा धरायचा आणि टायर व कमान यांच्यामध्ये सारायचा. चार बोटं आरामात गेली की गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते. दोनच गेली की बॉस, काय बसलीय! याच दोन बोटांच्या फरकासाठी जगभरातली पोरं पगार उडवतात. मीही उडवला. एकदा नाही, दोनदा.

गाडी माझी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो इंजिन, 150 पीएस, आपल्याच चाकणला जन्मलेली. दिसायला लांब, सडपातळ, एकदम सेक्सी सेडान. कंपनीने रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिलिमीटर ठेवला आहे आणि आपले रस्ते बघता तो शहाणपणाचाच आहे. पण शहाणपण आणि लुक यांचं जमत नाही, हे चष्मा लावणाऱ्या कोणालाही विचारा. मला माझी चार बोटं दोनवर आणायची होती. बस्स!

मग काय, टिपिकल चूक केली. एका गॅरेजात ‘फक्त स्प्रिंगा बदलू, शॉकअप ओरिजिनलच ठेवू, चाळीस मिमी खाली, संध्याकाळी गाडी घेऊन जा’ असं पॅकेज मिळालं. स्वस्तात मस्त. संध्याकाळी गाडी हातात आली तेव्हा मी अक्षरशः तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली. फोटो काढले. ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. ‘साल्या, आग!’ अशा प्रतिक्रिया आल्या. आठवडाभर मी हवेत होतो.

गाडीही हवेतच होती म्हणा. कारण जमिनीवर ती टिकतच नव्हती. डांबराचा छोटासा उंचवटा आला की टुणकन उडी, आणि उडी संपायच्या आत दुसरी. खड्डा आला तर ‘धप्प’ असा आवाज, थेट मणक्यातून डोक्यात. आमच्या सोसायटीच्या गेटवर हौशी स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी त्यावरून डुलत डुलत जावी. आमचा उंचीला तेवढाच, पण रुंदीला एका पायरीएवढा. त्यावरून मी गाडी तिरकी करून, श्वास रोखून, गोगलगाईच्या स्पीडने नेऊ लागलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा. वाजवू दे. लुकसाठी एवढं सहन करायला मी तयार होतो.

बाबा मात्र नव्हते. आणि त्यांनी ते सांगितलंही नाही.

माझे बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून रिटायर झालेले. उभी हयात बसचे पाटे खोलण्यात, बदलण्यात आणि बसवण्यात गेली. त्याचीच आठवण म्हणून कमरेत एक चकती सरकलेली. दर शनिवारी त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं काम माझं, कारण शनिवारी मला सुट्टी. गाडी लो केल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ते मागच्या सीटवर बसले. जाऊन आलो. काही बोलले नाहीत. दुसऱ्या शनिवारी म्हणाले, ‘‘तू झोप आज, मी रिक्षाने जाऊन येतो.’’ मला वाटलं, प्रेम. तिसऱ्या शनिवारी परत, ‘‘अरे, पेट्रोल कशाला जाळतोस, रिक्षाने जातो ना!’’ चौथ्या शनिवारी मी बाल्कनीत चहा पीत उभा होतो आणि बाबा खाली रिक्षात चढताना दिसले. एका हाताने दांडा धरून, दुसरा हात कमरेवर.

तेव्हा ट्यूब पेटली. दीडशे पीएसची जीटी दारात उभी असताना माझा बाप तीन चाकांच्या रिक्षाला जास्त आरामशीर समजत होता! च्यायला, एवढा मोठा रिव्ह्यू मला आजवर कोणी दिला नव्हता.

ते आल्यावर मी विचारलं, ‘‘बाबा, खरं सांगा. गाडीत त्रास होतो का?’’ त्यांनी उत्तर दिलं नाही. चप्पल घालून खाली आले. आधी डिकीवर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली, मग थांबली. ‘‘बघितलंस? एकदा वर येऊन गप बसायला पाहिजे. ही अजून नाचतेय.’’ मग मागच्या चाकामागे टॉर्च मारायला लावला, शॉकअपवरची रबरी पिशवी वर सरकवली आणि चकचकीत रॉडवर स्वतःची बोटं आडवी धरली. रॉडच्या वरच्या टोकाला एक फोमचा ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून ठेवलेला. तिथपर्यंत किती जागा उरलीय ते बाबा मोजत होते.

‘‘दीड बोट,’’ ते म्हणाले. ‘‘मी मागे बसलो की तेवढंही नाही. उंची कमी केलीस ते दिसतंय. पण खड्डा आल्यावर हिने जायचं कुठे?’’

मंडळी, या कॉलममध्ये आजवर बरेच फंडे दिले, पण हा सगळ्यात मोठा. मी महिनाभर चार बोटं मोजत होतो फेंडरखाली. मोजायची होती शॉकअपच्या रॉडवर.

आता जरा विज्ञान, पण डोक्याला शॉट न लावता. चाक खड्ड्यावरून जातं तेव्हा त्याला वर यायला जागा लागते. माझ्या गाडीत ती आधी साधारण चार बोटं, म्हणजे सत्तरेक मिलिमीटर होती. स्प्रिंगने गाडी 40 मिमी खाली आणली म्हणजे त्या जागेतले 40 मिमी सरळ गेले. उरले तीस. आता ढोबळ गणित असं की ही जागा अर्धी केली तर तोच दणका पचवायला स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट ताठ लागते. कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या पटीत वाढते. एवढी ताठ स्प्रिंग रस्त्यावरच्या गाडीत कोणी घालत नाही. मग उरलेला दणका घेतो बंप स्टॉप. म्हणजे संकटकाळासाठी ठेवलेल्या ठोकळ्यावर तुम्ही रोज ऑफिसला जाता! लोक म्हणतात, ‘लो केल्यावर गाडी कडक झाली.’ बऱ्याचदा ती स्प्रिंगने कडक झालेली नसते. ती ठोकळ्यावर बसलेली असते.

आता उड्यांचं. गाडी स्प्रिंगवर एका ठरावीक लयीत वरखाली होते. आरामशीर सेडान सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा, स्पोर्टी गाडी दीड ते दोन वेळा. आपली चालण्याची लय याच्याच आसपास, म्हणून हे डुलणं शरीराला परकं वाटत नाही. पण उभी थरथर सेकंदाला 4 ते 8 वेळा होऊ लागली की बसलेल्या माणसाला ती सगळ्यात जास्त खुपते. ठोकळ्यावर बसलेली गाडी त्या दिशेने सरकते. बाबांची कंबर मशीनशिवाय हेच सांगत होती.

गंमत म्हणजे स्प्रिंग थोडी ताठ झाली तर फारसं बिघडत नाही. स्प्रिंग 30 टक्के ताठ केली तर लय वाढते जेमतेम 14 टक्के. पण त्या ताठ स्प्रिंगला आवरायचं काम शॉकअपचं. कंपनीचा शॉकअप कंपनीच्या स्प्रिंगसाठी बनवलेला. त्याच्यावर ताठ स्प्रिंग चढवली की तो बिचारा पुरा पडत नाही. खट्याळ पोर आणि थकलेले आजोबा. म्हणून ती दुसरी उडी.

म्हणूनच जर्मनीतल्या नावाजलेल्या कंपन्या स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने विकतात. बिल्स्टाईनचंच बघा. त्यांची बी6 मालिका मूळ उंचीच्या गाडीसाठी आणि बी8 मुद्दाम आखूड केलेली, लो केलेल्या गाडीसाठी. त्याच बी8ला आयबाखच्या स्प्रिंगा जोडून बी12 नावाचा किट. आखूड शॉकअप कशाला? तर उरलेली जागा रॉडच्या मधोमध यावी, गाडी कायम एका टोकाला टेकून राहू नये. म्हणजे किट महाग असतो तो फक्त डब्यावरच्या नावामुळे नाही, तर कोणीतरी हा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो म्हणून.

अजून एक जुनी गोष्ट. 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या लक्षात आलं की उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्या. दोन्हीकडची लय सारखी असेल तर पुढचा भाग खाली येताना मागचा वर जातो आणि गाडी होडीसारखी झुलते. मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. म्हणजे चार स्प्रिंगा हे एकच गाणं आहे. पुढच्या एका सेटच्या, मागच्या दुसऱ्या सेटच्या घालून ते बेसूर करू नका.

तर दुसऱ्या खेपेला मी शहाण्यासारखा वागलो. 40 ऐवजी 25 मिमी. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच बनावटीचे, एकमेकांसाठी जुळवलेले. बंप स्टॉपही त्याच सेटबरोबर आलेले. खर्च? लाखाच्या थोडा वर. पहिले पैसे पाण्यात गेले ते वेगळेच. घरी मी खरा आकडा सांगितलेला नाही, तुम्हीही सांगू नका.

काम करून घेताना बाबा गॅरेजात स्टूल टाकून बसले होते. नवा मेकॅनिक तरुण होता, पण कान देणारा. गाडी लिफ्टवर असतानाच तो खालच्या आर्मचे बोल्ट पूर्ण आवळायला निघाला, तेव्हा बाबा उठले. ‘‘दादा, थांबा. आत्ता नुसते हाताने लावा. चाकं जमिनीवर टेकू द्या, गाडीचं वजन येऊ द्या, मग आवळा.’’ कारण त्या सांध्यात रबरी बुश असतात. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो. राइड कडक होते आणि रबर लवकर फाटतं. मेकॅनिकने एकदा बाबांकडे बघितलं आणि ‘काका, चहा घेणार?’ असं विचारलं. गॅरेजात याहून मोठा सन्मान नसतो.

तुम्हालाही हा किडा चावला असेल, तर माझ्या पैशांनी शिकलेले धडे फुकटात घ्या.

एक, स्प्रिंग कापू नका. ‘एक वेटोळं उडवू, काम होईल’ म्हणणारा भेटतोच. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग 20 टक्के ताठ होते आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. गरम करून बसवणं त्याहून वाईट, त्याने पोलादाचा जीवच जातो.

दोन, चाकं मोठी करण्याचा मोह आवरा. जीटीला 205/55 आर16 टायर येतात, म्हणजे टायरची भिंत साधारण 113 मिमी. त्याच्या जागी 215/45 आर17 घातले तर भिंत उरते 97. हे 16 मिमी हवा आणि रबर म्हणजे तुमची पहिली स्प्रिंग. गाडी खाली घ्यायची आणि टायरही पातळ करायचे, हे म्हणजे उपवासाच्या दिवशी जिम. मी 16 इंचांवरच राहिलो आणि हवा दाराजवळच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच ठेवतो.

तीन, व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी. गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात आणि टो बिघडलेला राहिला तर टायर आतून खवल्यासारखे खरवडले जातात. हेडलाइटची पातळीही तपासा.

चार, फार खाली गेलात की हँडलिंगही सुधारत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत खालचा आर्म आडवा होऊन पलीकडे गेला की वळणावर झुकण्याचा जोर उलट वाढतो. म्हणजे दिसायला रेसकार आणि वळायला तराफा.

पाच, कायदा. मोटार वाहन कायदा, 1988चं कलम 52 सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमावर बोट ठेवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. तेव्हा आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि सस्पेन्शनच्या वॉरंटीवर तुळशीपत्र ठेवायची तयारी असेल तरच पाना हातात घ्या. मी पहिल्या वेळी यातलं काहीच केलं नव्हतं. ती हुशारी नव्हती, नुसतं नशीब होतं.

आता निकाल. नवा सेट बसवल्यावर बाबांनी परत डिकी दाबली. गाडी एकदा वर आली आणि गप बसली. रॉडवर बोटं धरली, अडीच भरली. ‘‘चालेल,’’ म्हणाले. एसटीवाल्यांच्या भाषेत ही टाळ्यांची दाद समजावी.

खरी परीक्षा रविवारी झाली. साताऱ्याला आत्याकडे निघालो. पुढे मी आणि आई, मागे बाबा, शेजारी आत्यासाठी आंब्यांची पेटी. कात्रजपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. प्रत्येक जॉइंटवर मी बाबांचा चेहरा बघत होतो. गाडी बोलत होती, खोटं कशाला सांगू. रस्त्याचा कण न् कण कळत होता. पण एकदाच कळत होता. खड्डा आला, ‘टप्’ झालं, विषय संपला. दुसरी उडी नाही, मणक्यात धप्प नाही. खंबाटकीच्या वळणांवर गाडी रुळावर असल्यासारखी गेली आणि मी स्वतःशीच हसलो. तेवढ्यात आई हळूच म्हणाली, ‘‘सावकाश घे रे, ते झोपलेत.’’

आरशात बघितलं. बाबा पेटीवर हात टाकून, मान कलती करून गाढ झोपले होते.

राइड क्वालिटी मोजायची महागडी यंत्रं असतात म्हणे. असतील. मी ती विकत घेणार नाही.

आणि हो, फेंडरखाली आता अडीच-तीन बोटं जातात. ऑफिसातला एक मित्र परवा हात घालून म्हणाला, ‘‘अजून थोडी खाली घ्यायला हवी होतीस यार, जागा आहे.’’ आहे ना! ती जागा मागच्या सीटवरच्या माणसाची आहे. शनिवारी सकाळी साडेनऊला ते खाली येतात, मागचं दार स्वतः उघडून बसतात आणि मला उशीर झाला तर हॉर्न वाजवायला पुढे वाकतात.

चला, निघतो. आज शनिवारच आहे. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर टायरमधली हवा तपासा!